एमआरआयमध्ये ‘टिअर’ लिहून आलंय, आता ऑपरेशन करायचं का?

हल्ली किती तरी जण मला व्हॉट्सॲपवर एमआरआयच्या रिपोर्टचा फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते, “मेनिस्कस टिअर आलंय, डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत, तुम्ही केलं नाही ना, मग मी काय करू?” मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. पण गेल्या वर्षी आमच्या एकाच घरात दोन गुडघे गेले, आधी माझा आणि मग पुतण्याचा, दोघांच्याही रिपोर्टवर तोच शब्द होता, माझं ऑपरेशन झालं नाही आणि त्याचं लगेच झालं, आणि दोन्ही निर्णय बरोबर होते असं मला आज नीट विचार करून वाटतं. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, आणि टिअर म्हणजे तिला गेलेली चीर, हे नीट सांगते कारण ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. मांडीचं हाड वर, नडगीचं हाड खाली आणि त्यांच्या मधे दोन चिवट चकत्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, आतल्या बाजूची मीडियल आणि बाहेरच्या बाजूची लॅटरल. आपण उभे राहतो, चालतो तेव्हा गुडघ्यातून जो भार जातो त्यातला निम्मा किंवा त्याहून जास्त या चकत्या घेतात, आणि गुडघा वाकवला की आणखी जास्त. आता महत्त्वाचं म्हणजे या चकतीला रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला. आतल्या पातळ भागात रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे बाहेरच्या कडेची ताजी चीर भरून येऊ शकते, शिवली तर सांधते, आतल्या भागातली मात्र सहसा भरत नाही. दोन्हींना रिपोर्टमध्ये ‘टिअर’च म्हणतात.

माझं असं झालं. वय ४९. दिवाळीच्या साफसफाईत खाली मांडी घालून डबे पुसत बसले होते, बराच वेळ, आणि उठताना पाय तसाच राहिला आणि अंग वळलं. आतल्या बाजूला चमक आली, पण काम उरकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला, जिना चढताना बरं पण उतरताना नको नको व्हायचं, आणि रात्री कुशीवर वळलं की एक गुडघा दुसऱ्यावर टेकायचा आणि तेवढ्यानं जाग यायची. दोन गुडघ्यांच्या मधे उशी घेऊन झोपायला लागले, हा उपाय मात्र कुणालाही सांगेन, पहिल्या रात्रीपासून फरक पडतो. सासूबाईंचं निदान तयार होतं, “अगं वंगण संपलंय तुझ्या गुडघ्यातलं.” शेवटी एमआरआय काढला, त्यात मीडियल मेनिस्कसच्या पोस्टिरिअर हॉर्नला, म्हणजे चकतीच्या मागच्या टोकाला, ग्रेड थ्री टिअर.

या ग्रेडवरून लोक फार घाबरतात म्हणून सांगते. ग्रेड वन आणि टू म्हणजे चकतीच्या आत नुसता बदल दिसतोय, चीर पृष्ठभागापर्यंत आलेली नाही, त्याला फाटणं म्हणतच नाहीत. ग्रेड थ्री म्हणजे चीर पृष्ठभागापर्यंत आली. कॅन्सरच्या स्टेजसारखं काही नाहीये ते. थ्री आहे म्हणून ऑपरेशन असा सरळ हिशोब नसतो.

पहिल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, फाटलंय, दुर्बिणीनं काढून टाकू, दोन छोटी भोकं, संध्याकाळी घरी, मेडिक्लेम आहे ना? गुरुवारची तारीखसुद्धा दिली. ते ऑपरेशन उत्तम करत असतील, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण त्यांनी माझ्या गुडघ्याला हातच लावला नाही. माझा गुडघा सरळ होतो की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. ही गोष्ट मला घरी आल्यावर रात्रभर टोचत राहिली, राग पण आला आणि भीती पण वाटली, की तारीख घेऊन बसलोय आणि कशाची ते कुणी बघितलंच नाही.

सांगली-मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही म्हणून दुसरं मत घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी टेबलावर झोपवलं. दोन्ही पाय सरळ करायला लावले आणि टाचा समान उंचीवर येतात का ते बघितलं. गुडघा वाकवून पाऊल फिरवत फिरवत हळूहळू सरळ केला, ही मॅकमरे टेस्ट. सांध्याच्या रेषेवर बोटानं दाबत दाबत नेमकं कुठे दुखतंय ते शोधलं, मी जवळजवळ किंचाळलेच. मग प्रश्न. चालता चालता गुडघा मधेच जखडतो का, म्हणजे हलवताच येत नाही असं होतं का? जिन्यात दगा देतो का? मार लागला होता का, की आपोआप? उभं राहून एक्स-रे काढायला सांगितला, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडांमधली जागा खरी किती उरलीय ते कळत नाही. सगळं बघून म्हणाले, ही चाळिशी-पन्नाशीतली झिजलेली चीर आहे, गुडघा पूर्ण सरळ होतोय, जखडत नाहीये, १२ आठवडे मनापासून व्यायाम करा आणि मग या, तोपर्यंत मी कात्री लावणार नाही.

मी विचारलं, पण सर फाटलेलं तसंच राहणार ना आत? ते म्हणाले हो, राहील, आणि तुमच्या वयाच्या किती तरी लोकांच्या गुडघ्यात असंच असतं, त्यांना माहीतही नसतं.

मला वाटलं धीर द्यायला बोलतायत. घरी येऊन वाचत बसले तर खरंच तसं निघालं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे एमआरआय काढले होते, २००८ मध्ये ते छापून आलं. रुग्ण नव्हेत, साधी गावातली माणसं. ज्यांची चकती फाटलेली निघाली त्यातल्या ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. म्हणजे आपला गुडघा दुखतोय आणि एमआरआयमध्ये चीर दिसतेय या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी चिरेमुळेच दुखतंय असं ठरत नाही. हे वाचलं तेव्हा मला फार हलकं वाटलं, खरंच.

आणि फिनलंडचा अभ्यास तर प्रत्येकाने वाचावा. २०१३ चा. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण, सगळ्यांना माझ्यासारखीच आतल्या बाजूच्या चकतीला झिजेची चीर. निम्म्यांची चकती खरोखर तासली. उरलेल्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, दुर्बीण आत घालून बघितलं, पण कापलं काहीच नाही, फक्त खऱ्या ऑपरेशनसारखीच अवजारं मागितली, गुडघा तसाच हलवला, पातं नसलेलं मशीन गुडघ्याच्या वाटीवर धरून आवाज केला, तेवढाच वेळ आत ठेवलं. कुणाचं काय केलं ते रुग्णाला माहीत नाही. वर्षानंतर दोन्ही गटांचं दुखणं कमी झालेलं होतं, आणि सारख्याच प्रमाणात. पाच वर्षांनी परत बघितलं तरी कापलेल्यांना जास्तीचा फायदा नाही. शिवाय कट्कट् आवाज येणं, मधेच अडकल्यासारखं वाटणं याला आपण फार घाबरतो ना, त्यातही कापल्यामुळे काही फरक पडला नाही. पुढे २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांनी स्पष्ट लिहिलं की झिजेच्या गुडघ्यात दुर्बिणीचं ऑपरेशन जवळजवळ कुणालाच करू नये.

याची दुसरी बाजू पण सांगते, नाहीतर मी एकतर्फी लिहिलं असं होईल. अमेरिकेत ३५१ लोकांचा आणखी एक अभ्यास झाला, त्यातही चीर आणि सोबत थोडी झीज असलेले ४५ च्या पुढचे लोक होते. व्यायामाच्या गटातल्या साधारण ३० टक्के लोकांनी सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन करून घेतलं कारण त्यांना पुरेसं बरं वाटेना. म्हणजे व्यायामानं सगळ्यांचंच भागतं असं नाही. पण ज्यांनी आधी व्यायाम करून मग ऑपरेशन केलं त्यांचं काही नुकसान झालेलं दिसलं नाही, शेवटी तेही तिथेच पोचले. माझा निर्णय या एका गोष्टीवर झाला. थांबून काही बिघडत नसेल तर आधी थांबून बघावं. कापलेली चकती परत येत नाही, व्यायाम मात्र कधीही सोडता येतो.

आता व्यायाम. लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे शेक आणि मशीन. आमच्या फिजिओ ताईंनी पहिल्या दिवशी शिंप्यासारखी टेप काढली आणि वाटीच्या वर ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. दुखऱ्या पायाची मांडी जवळजवळ दोन सेंटीमीटर बारीक! इतक्या थोड्या दिवसांत! मग वाटीच्या वर आतल्या अंगाला जो स्नायू असतो त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, पाय ताठ करा. चांगल्या पायाचा स्नायू टणक उभा राहिला, दुखऱ्या पायाचा मऊच. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू नीट काम करायचंच बंद करतो, तो बारीक होतो, मग सगळा भार सांध्यावर येतो, मग अजून दुखतं, अजून सूज येते, आपण अजून पाय वाचवतो आणि हे चक्र चालूच राहतं. ते तोडायचं असतं.

सुरुवात अगदी साध्यानं झाली. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची आणि दहा आकडे धरून ठेवायची. मग पाय सरळ ठेवून उचलणं. मग पोटावर झोपून टाच मागे आणणं. थोड्या दिवसांनी भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली जाणं, फार नाही, खुर्चीच्याही वरच. मग जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढ-उतार, आणि उतरताना गुडघा आत पडतोय का ते समोर आरसा ठेवून बघायचं, माझा पडायचा. एका पायावर उभं राहणं, हे मी दूध तापेपर्यंत ओट्यापाशी करायचे. सायकल, सीट उंच ठेवून. दुखण्याचा नियम त्यांनी फार छान दिला, करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर काल जास्त झालं, म्हणजे कमी करायचं, बंद नाही करायचं. नॉर्वेत असाच अभ्यास झाला होता, १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि तिथेही दोन वर्षांनंतर व्यायामवाले आणि ऑपरेशनवाले सारखेच निघाले, वर पहिल्या तीन महिन्यांत व्यायामवाल्यांच्या मांड्या जास्त मजबूत झालेल्या.

सुरुवातीचे काही आठवडे काहीही फरक पडत नाही, हे मात्र आधीच माहीत असू दे, नाहीतर माणूस सोडून देतो. मी पण एक दिवस रडले होते, ऑफिसचा जिना कठड्याला धरून उतरताना. महिना-दीड महिन्यानं एकदा लक्षात आलं की रात्री उशी न घेता झोप लागलीय. मग जिना. वजन पण थोडं उतरवलं, कारण एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो, झीज असलेल्या वजनदार लोकांमध्ये हे मोजलेलं आहे. खाली मांडी घालून बसणं आणि उकिडवं बसणं मी अजून टाळते, पूजेला पाटाऐवजी स्टूल घेते, सासूबाईंना आधी पटत नव्हतं, आता त्याच स्टूल आणून ठेवतात. नी कॅप घातली तर धीर येतो, चालेल, पण ती दिवसभर नको. तेलानं बरं वाटतं. पण तेल, कोलॅजनची पावडर किंवा ते वंगणाचं इंजेक्शन, यातल्या कशानंही फाटलेली चकती शिवली जात नाही, त्यासाठी हजारो रुपये घालू नका अशी कळकळीची विनंती.

आता पुतण्याचं. वय २१, तासगावचा, कबड्डीत रेडर, जिल्ह्यापर्यंत खेळलेला. चढाईत लेफ्ट कॉर्नरनं घोटा धरला, अंग वळलं आणि पाय मॅटवर तसाच. त्यानंतर गुडघा सरळच होईना. दुखतंय म्हणून नव्हे, शेवटचं थोडं अंतर काही तरी आत आडवं आल्यासारखा तिथेच थांबायचा. दोघं-तिघं पोरं ओढून सरळ करायला धावली होती, त्यांच्या कोचनं त्यांना मागे ओढलं, त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही. असा जखडलेला गुडघा कुणाकडेही चोळायला, ओढायला नेऊ नका, कुणी कितीही नावाजलेला असो.

एमआरआयमध्ये बकेट हँडल टिअर. चकतीला लांबच लांब चीर जाते आणि आतली पट्टी सुटून बादलीच्या कडीसारखी पलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसते, म्हणून पाय सरळ होत नाही. इथे १२ आठवडे व्यायाम वगैरे प्रश्नच नाही. माझ्या वेळी ज्या डॉक्टरांनी कात्री लावणार नाही म्हणून सांगितलं होतं, तेच याला त्याच आठवड्यात ऑपरेशनला घ्यायचं म्हणाले.

पण खरी चर्चा पुढे झाली, कापायचं की शिवायचं. पुतण्या म्हणाला, “काकू, कापून टाका म्हणावं, महिन्या-दीड महिन्यात मॅटवर येतो. शिवलं तर सहा महिने गेले.” त्याचं चुकत नव्हतं, कापल्यावर माणूस लवकर हिंडायला लागतो, शिवल्यावर महिनोन्महिने जपावं लागतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हंगाम चालू होता, निवड जवळ आली होती. भावजी गप्प, जाऊबाई पण गप्प, सगळे माझ्याकडे बघतायत. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की बाळा, एके काळी ही चकती निकामी समजून अख्खी काढून टाकायचे, आणि १९४८ मध्ये फेअरबँक नावाच्या डॉक्टरांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे बघून दाखवून दिलं की आत हाडं चपटी होतायत, जागा कमी होतेय. तुझी पट्टी मोठी आहे, ती कापली तर तिशी-पस्तिशीत तुझा गुडघा म्हातारा होईल. चीर बाहेरच्या कडेला आहे, ताजी आहे, तिथे रक्त आहे, टाके धरतील अशी आशा आहे. आणि त्यांनी लपवलं नाही, साधारण पाचात एकाचे टाके पुढच्या काही वर्षांत धरत नाहीत आणि मग परत आत जावं लागतं हेही सांगितलं. दोन्हींसाठी संमती घेतली, कारण दुर्बीण आत गेल्याशिवाय नक्की कळत नाही.

टाके पडले. पुढे सहा आठवडे ब्रेस, कुबड्या, ९० अंशांच्या पुढे वाकवायचं नाही, उकिडवं बसणं चार महिने बंद, कबड्डी सहा महिन्यांच्या आत नाही. गावाकडे भारतीय संडास म्हणून तो आमच्याकडेच राहिला. ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही, ऑपरेशन ठरवायच्या आधी घरात कमोड आहे का बघा, नसेल तर खुर्चीवाला आणून ठेवा. फिजिओ ताई त्याच, टॉवेलची गुंडाळी पण तीच.

मग वय कमी म्हणजे ऑपरेशन आणि वय जास्त म्हणजे व्यायाम असं समजायचं का? नाही. डेन्मार्कमध्ये १८ ते ४० वयाच्या १२१ जणांवर अभ्यास झाला, त्यात जखडलेले बकेट हँडलवाले नव्हते, तर लगेच ऑपरेशन केलेले आणि आधी व्यायाम करून गरज लागली तरच ऑपरेशन केलेले, वर्षानंतर दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. आणि उलट बाजूनं, आपल्या वयाच्या बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. खालून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे ‘कट्’ असा आवाज आला आणि त्यानंतर एकदम चालणं अवघड झालं, तर चकतीचं मूळच हाडापासून सुटलेलं असू शकतं. रिपोर्टमध्ये ‘रूट टिअर’ लिहितात. मूळ सुटलं की अख्खी चकती असून नसल्यासारखी होते, गुडघा भराभर झिजतो, आणि हाडं अजून चांगली असतील तर ते मूळ परत बसवण्याचा विचार लवकर करावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी फिल्ममध्ये हे खास शोधून बघितलं होतं. जमिनीवर बसण्या-उठण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या बायकांत हे बघायला मिळतं, म्हणून तुमचं पन्नाशीचं वय बघून कुणी नुसतं “व्यायाम करा” म्हणालं तरी रूट नीट आहे का हे विचाराच. सोबत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन्ही हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, गेलं असेल तर तेही प्रकरण वेगळं.

एक गोष्ट मला फार खुपते. ऑपरेशन कॅशलेस होतं, खिशातून जवळजवळ काही जात नाही, आणि फिजिओथेरपीचं बिल बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडी म्हणून मिळतच नाही, सगळं पदरचं. नोकरदार बाईला संध्याकाळी फिजिओकडे जायला वेळ काढायचा, रिक्षाचे पैसे द्यायचे, घरचा स्वयंपाक सांभाळायचा, आणि दुसरीकडे एका दिवसात “काढून टाकू” असं सांगणारं कुणी असतं. मग लोक काय निवडतील? यात त्यांचा दोष नाही. पण दुर्बिणीचं असलं तरी ते ऑपरेशनच आहे, क्वचित का होईना इन्फेक्शन होतं, पायात रक्ताची गाठ होते. रोज यावं लागत नाही, दहा दिवसांतून एकदा येऊन व्यायाम वाढवून घ्या आणि बाकी घरी करा, असं बहुतेक फिजिओ मान्य करतात, विचारून बघा. मी तसंच केलं.

तर रिपोर्ट हातात असेल तर मला फोटो पाठवण्याआधी पलंगावर पालथं पडून, गुडघ्यापासून खालचे पाय कडेबाहेर सोडून, टाचा एका पातळीवर येतात का ते कुणाला तरी बघायला सांगा. येत नसतील, गुडघा जखडला असेल तर आज-उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे जा. येत असतील तर घाई नाही, दुसरं मत घ्या, जाताना नुसता कागद नाही तर एमआरआयची सीडी आणि उभं राहून काढलेला एक्स-रे न्या, आणि विचारा की चीर कुठल्या भागात आहे, शिवण्यासारखी आहे की तासण्यासारखी, रूट ठीक आहे का, आणि मी तीन महिने व्यायाम करून आले तर काय बिघडेल. शेवटच्या प्रश्नावर ते चिडले तर दुसरे डॉक्टर बघा.

पुतण्याला परवा डॉक्टरांनी पळायची परवानगी दिलीय, सरळ रेषेत. चढाई अजून नाही, दोन्ही मांड्यांची ताकद सारखी भरल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलंय, आणि टेप आता तो स्वतःच लावून बघतो.